हर्पिसचे फोड ओळखायचे कसे आणि ते पुन्हा का उठतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओठावर किंवा कमरेखाली फोड दिसले की घाबरलेला माणूस सहसा दोन गोष्टी करतो. मेडिकलमधून एखादं मलम आणतो आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर फोटो बघत बसतो. दोन्हींनी गोंधळ वाढतो. खालच्या प्रश्नांत दवाखान्यात उघडपणे विचारले जाणारे आहेत, आणि लाजेपायी विचारायचे राहून जातात तेही आहेत.

हर्पिस म्हणजे नागीणच ना?

नाही. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी राहतो आणि पुढे कधीतरी, बहुधा पन्नाशीनंतर, छाती, पाठ किंवा कपाळाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड घेऊन उठतो. बहुतेकांना ती आयुष्यात एकदाच होते. (तिचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, हे खोटं आहे.)

या पानावरचा हर्पिस म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स. विषाणूंचं घराणं एक, पण हा वेगळा. याचे दोन प्रकार आहेत. टाइप १ बहुतेक वेळा ओठावर आणि तोंडाभोवती येतो, टाइप २ बहुतेक वेळा जननेंद्रियांवर आणि आसपास. दोन्ही प्रकार दोन्हीकडे होऊ शकतात. मुखमैथुनातून टाइप १ खाली जातो आणि हे आता मुळीच विरळा राहिलेलं नाही. चिठ्ठीवर नुसतं ‘हर्पिस’ लिहिलं असेल तर कुठला ते विचारून घ्या, कारण औषध तेच असलं तरी नागिणीचा डोस बराच मोठा असतो. आणि हो, नागिणीची लस हर्पिस सिम्प्लेक्सवर चालत नाही.

मलाच कसा झाला? इतरांना तर होत नाही.

होतो, फक्त कुणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये, म्हणजे जवळजवळ ६४ टक्क्यांमध्ये टाइप १ आहे. १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये, म्हणजे १३ टक्क्यांमध्ये टाइप २ आहे. यातल्या बहुसंख्य लोकांना आपल्या अंगात काही आहे याचा पत्ताच नसतो. टाइप १ तर अनेकांना लहानपणी घरातूनच मिळतो. कुणीतरी लाडाने मुका घेतलेला असतो, इतकंच.

ओठावर फोड आला की आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो आणि कामाला जातो. तेच फोड कमरेखाली आले की झोप उडते. आजार दोन्हीकडे तोच आहे.

पहिल्या वेळी नेमकं काय होतं?

विषाणू शिरल्यापासून साधारण २ ते १२ दिवसांत, बहुतेक वेळा चौथ्या दिवसाच्या आसपास, सुरुवात होते. आधी त्या जागी खाज किंवा जळजळ. मग लालसर त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे, पाणी भरलेले, एकमेकांना चिकटून बसलेले फोड. एकदोन दिवसांत ते फुटतात आणि उथळ, ओल्या, स्पर्शही सहन न होणाऱ्या जखमा राहतात. कोरड्या त्वचेवर त्यांना खपली धरते. योनीच्या आतल्या किंवा शिस्नाच्या कातडीखालच्या ओलसर भागात खपली धरतच नाही, तिथे जखम तशीच हळूहळू भरते.

पहिला खरा संसर्ग असेल तर त्रास फक्त त्या जागेपुरता राहत नाही. ताप, कसकस, डोकेदुखी, अंग मोडून येणं आणि जांघेत दुखरं अवधाण, असं सगळं एकदम येतं. फोड दोन्ही बाजूंना असतात. पहिले भरत आले तोवर नवे उठतात. औषध न घेता हे सगळं दोन ते चार आठवडे चालू शकतं. बायकांना लघवीची जळजळ इतकी होते की मूत्रमार्गाचा संसर्ग समजून नुसती अँटिबायोटिक्स दिली जातात, आणि अर्थातच त्यांनी काही होत नाही. लघवी करताना त्या जागेवर कोमट पाण्याची धार सोडली, किंवा टबात कोमट पाण्यात बसून लघवी केली, तर जळजळ बरीच सुसह्य होते. लघवी तुंबलीच तर मात्र घरी थांबू नका.

लहान मुलांमध्ये टाइप १ चा पहिला संसर्ग वेगळा दिसतो. खूप ताप, सुजलेल्या लाल हिरड्या, तोंडभर जखमा, सतत लाळ, आणि मूल पाणीही प्यायला तयार नाही. इथे सगळ्यात मोठा धोका शरीरातलं पाणी कमी होण्याचा असतो.

मला फोड दिसलेच नाहीत. नुसतं चिरल्यासारखं झालंय. तरी हर्पिस असू शकतो?

असू शकतो. पुस्तकातल्या फोटोत दिसतो तसा फोडांचा घोस सगळ्यांना येत नाही. पुष्कळांच्या बाबतीत हर्पिस म्हणजे नखाने ओरखडल्यासारखी एक रेघ, चड्डीच्या इलॅस्टिकने काचल्यासारखा लाल डाग, घामोळ्यासारखे दोनचार दाणे, किंवा गुदद्वाराजवळची चीर असते. ती मूळव्याध म्हणून खपते. शेव्हिंगमुळे लागलं, सायकलमुळे घासलं, पॅडमुळे पुरळ आलं, अशी कारणं आपणच शोधून काढतो आणि चारपाच दिवसांत ते बरं झालं की विसरतो.

संशय घ्यायचा तो दिसण्यावरून कमी आणि सवयीवरून जास्त. तीच जागा किंवा तिच्या आसपासची, तीच बाजू, येण्याआधी तेच मुंग्या आल्यासारखं वाटणं, आठवड्याभरात आपोआप बरं होणं आणि काही महिन्यांनी परत तेच. असा नमुना दिसला तर जखम कितीही क्षुल्लक असली तरी दाखवावी. जागा जननेंद्रियांवरचीच असली पाहिजे असंही नाही. नितंब, मांडीचा वरचा भाग, कंबरेचा खालचा भाग या सगळ्यांच्या नसा एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे फोड नितंबावर आला म्हणून तिथेच संसर्ग झाला असं समजू नये.

हर्पिससारखं दिसतं, पण हर्पिस नसतं, असं काय काय आहे?

बरंच आहे. तोंडापासून सुरू करू. ‘तोंड येणं’ म्हणजे गालाच्या आत, जिभेखाली, ओठाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरे, लाल कडांचे व्रण. ते हर्पिस नव्हेत आणि पसरतही नाहीत. हर्पिस बहुधा ओठाची लाली आणि कातडी जिथे मिळते त्या रेषेवर येतो. ओठांचे कोपरे चिरणं, चिघळणं हेही वेगळं प्रकरण आहे. तिथे बुरशी असते किंवा ब जीवनसत्त्वाची, लोहाची कमतरता.

कमरेखाली खरूज, नायटा, केसांच्या मुळाशी आलेली पुटकुळी, बुरशीमुळे पडलेल्या चिरा हे सगळं हर्पिस समजलं जातं. उलट बाजूने, उपदंशाची म्हणजे सिफिलिसची जखम हर्पिस समजून सोडून दिली जाते, आणि ते जास्त धोक्याचं. ती बहुतेक वेळा एकच असते, कडक असते आणि दुखत नाही. न दुखणारी जखम म्हणून हायसं वाटून घेऊ नका.

पण आपल्याकडे सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे औषधाची रिॲक्शन. काही जणांना ठरावीक गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी, बहुधा ओठावर किंवा शिस्नाच्या टोकावर, लाल-जांभळा गोल चट्टा उठतो. कधी त्यावर फोड येतो, तो फुटतो, जखम होते. पुन्हा पुन्हा, त्याच जागी. माणूस स्वतःला हर्पिसचा रुग्ण समजत वर्षं काढतो. खरा गुन्हेगार असतो जुलाबावर मेडिकलमधून आणलेली नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी, कोट्रायमोक्साझोल, नाहीतर एखादी वेदनाशामक गोळी. दोन खुणा लक्षात ठेवा. चट्टा गोळी घेतल्यावर काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उठतो, आणि बरा झाल्यावर तिथे काळपट डाग राहतो, जो हर्पिसमध्ये सहसा राहत नाही. प्रत्येक वेळी आधी कुठलं औषध घेतलं होतं ते लिहून ठेवलंत तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

कुठली तपासणी करू? लॅबवाले रक्ताची सांगतात.

ताजा फोड असेल तर स्वॅब. फोडाच्या तळातून कापूसकाडीने नमुना घेऊन त्याचा पीसीआर केला की विषाणू आहे का आणि टाइप १ की टाइप २, दोन्ही कळतं. हे शक्यतो पहिल्या ४८ तासांत करावं. खपली धरल्यावर विषाणू हाती लागत नाही आणि अहवाल खोटाच निगेटिव्ह येतो. म्हणूनच ‘सुट्टीच्या दिवशी जाऊ’ हा विचार इथे महागात पडतो. पीसीआर सगळीकडे होत नाही. काही त्वचाविभागांत फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर बघतात, ती झँक तपासणी. स्वस्त आणि लगेच होणारी आहे, पण नागीण की सिम्प्लेक्स, टाइप १ की २, हे तिच्यातून कळत नाही.

रक्ततपासणी म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) तपासणी. तिच्या दोन प्रकारांपैकी आयजीएम करूच नका. नवा संसर्ग आहे की जुना, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. जुनाच हर्पिस पुन्हा उठला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि कधी काहीच नसतानाही येते. दुसरा प्रकार आयजीजी, तो त्यातल्या त्यात उपयोगी, तीही दोन प्रकार वेगळे ओळखणारी असेल तरच. पण संसर्गानंतर ती पॉझिटिव्ह यायला तीन महिने लागू शकतात. टाइप १ ची आयजीजी पॉझिटिव्ह आली तर त्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही, कारण ती निम्म्याहून अधिक जगाची येईल आणि विषाणू ओठात आहे की खाली, हे ती सांगत नाही. टाइप २ चा आकडा जेमतेम पॉझिटिव्हच्या रेषेवर असेल तर तो खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. अशा कागदावरून लग्नं मोडू नयेत.

हर्पिसचं निदान झालं की सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्यावी. टाइप २ असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिपटीने जास्त असतो.

गरोदरपणात टॉर्च तपासणीत हर्पिस पॉझिटिव्ह आलं. बाळाला धोका आहे का?

नुसत्या या एका कागदावरून नाही. टॉर्च म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी. तिच्या यादीत हर्पिसचे आयजीजी-आयजीएम असतात आणि गर्भपात झाल्यावर ती तपासणी अजूनही सर्रास लिहून दिली जाते. त्यातलं हर्पिस पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा लहानपणी झालेला टाइप १. आधीचा गर्भपात त्यामुळे झाला असं त्यावरून म्हणता येत नाही.

खरा धोका वेगळीकडे आहे. शेवटच्या तीन महिन्यांत, विशेषतः प्रसूतीच्या तोंडावर, आईला जननेंद्रियांचा हर्पिस पहिल्यांदाच झाला तर बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते, कारण आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन बाळापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नसतो. जुना हर्पिस असलेल्या आईच्या बाबतीत हीच शक्यता १ टक्क्याहून कमी असते. तेव्हा वर्षानुवर्षं हर्पिस असलेल्या बाईने घाबरायचं कारण कमी. डॉक्टरांना मात्र ते आधीच सांगायचं. ३६ व्या आठवड्यापासून ॲसायक्लोव्हिर देतात. कळा सुरू होताना फोड किंवा पूर्वसूचनेची जळजळ असेल तर सिझेरियन करतात. नवऱ्याच्या ओठावर किंवा खाली फोड असतील आणि बायकोला हर्पिस नसेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत मुखमैथुनासकट सगळे संबंध टाळावेत.

एकदा बरा झाला, मग परत का येतो? नव्याने लागण होते का?

नव्याने नाही. फोड भरतात तेव्हा विषाणू नसांमधून मागे सरकून त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या गाठीत जाऊन बसलेला असतो. ओठाचा हर्पिस कानाच्या पुढे, कवटीच्या आत असलेल्या गाठीत, कमरेखालचा माकडहाडाजवळच्या गाठींत. तिथे तो निपचित असतो. पेशी मारत नाही, वाढत नाही, त्यामुळे रोगप्रतिकारक यंत्रणेला आणि औषधालाही तो सापडत नाही. अधूनमधून जागा होतो, त्याच नसेवरून खाली उतरतो आणि त्याच टापूत बाहेर पडतो. जागा आणि बाजू दर वेळी तीच का, याचं उत्तर हे आहे.

पुन्हा येणारा त्रास पहिल्यासारखा नसतो. आता शरीर विषाणूला ओळखतं. ताप सहसा नसतो, फोड मोजके आणि एकाच बाजूला असतात, आणि ५ ते १० दिवसांत भरतात. ‘पहिल्याच वेळी एवढं झालं, पुढे काय होईल’ ही धास्ती जवळजवळ प्रत्येकाला असते. पुढे बहुतेक वेळा कमीच होतं.

वर्षातून किती वेळा येणं नॉर्मल?

ते प्रकारावर ठरतं. स्वॅब करून प्रकार माहीत करून घ्यायचा तो यासाठीच. कमरेखाली टाइप २ असेल तर पहिल्या वर्षात दहापैकी नऊ जणांना निदान एकदा तरी पुन्हा येतो, साधारण चार-पाच वेळा येणं नेहमीचं आहे, आणि सुमारे २० टक्के लोकांना दहाहून जास्त वेळा. तिथेच टाइप १ असेल तर पहिल्या वर्षात जेमतेम एकदा, आणि पुष्कळांना त्यानंतर कधीच नाही. दोन्हींत वर्षं जातील तसं प्रमाण घटतं, पण सरळ रेषेत नाही. दोन वर्षं काहीच नाही आणि मग तीन महिन्यांत दोनदा, असंही होतं.

येणार हे आधी कळतं का?

अनेकांना कळतं. काही तास ते एकदोन दिवस आधी त्या जागी मुंग्या, खाज, ठसठस, किंवा नितंबातून मांडीत जाणारी चमक. काही जण या चमकेवर सायटिकाचा उपचार करून बसतात. आपली पूर्वसूचना ओळखता येणं फार मोलाचं आहे, कारण गोळी तेव्हाच सुरू केली तर फोड लहान राहतो, कधी उठतच नाही. त्या वेळेपासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो, हेही लक्षात ठेवायचं. कधी चमक येते आणि फोड येतच नाही, तेव्हाही काळजी तीच.

कशाने उठतो? वांगं, अंडी, मटण बंद करू का?

ताप, दुसरा एखादा आजार, शस्त्रक्रिया, पाळी, जागरण, मोठा मानसिक ताण, त्या जागी झालेलं घर्षण ही नेहमीची कारणं. ओठाच्या हर्पिसला कडक ऊन पुरतं. दिवसभर उन्हात क्रिकेट खेळल्यावर किंवा ट्रेक करून आल्यावर फोड येत असेल तर ओठांना सनस्क्रीनचा लिप बाम लावून बघा. स्टिरॉइडच्या गोळ्या, केमोथेरपी, एचआयव्ही यांत प्रतिकारशक्ती उतरल्यामुळे तो जास्त वेळा आणि जास्त जोरात येतो. पुष्कळदा मात्र काहीच कारण सापडत नाही.

वांगं, अंडी, मटणाला मी यात ओढणार नाही. आर्जिनिन नावाचा घटक असलेले पदार्थ, म्हणजे शेंगदाणे वगैरे, बंद करा आणि लायसिनच्या गोळ्या घ्या, असा सल्ला इंटरनेटवर फिरतो. त्याला भक्कम पुरावा नाही. आपल्याला एखाद्या गोष्टीने हमखास त्रास होतो असं वाटत असेल तर ती टाळा, पण पथ्याच्या नावाखाली जेवणाचा आनंद घालवू नका.

गोळ्या कुठल्या? किती दिवस?

ॲसायक्लोव्हिर, व्हॅलसायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर ही तीन औषधं. पहिल्या वेळी नेहमीचा डोस ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा किंवा व्हॅलसायक्लोव्हिर १ ग्रॅम दोनदा, ७ ते १० दिवस. पुन्हा येणाऱ्या फोडांना कोर्स छोटा असतो, उदाहरणार्थ व्हॅलसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा तीन दिवस. पण तो पहिल्या २४ तासांत सुरू झाला पाहिजे. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नंबर लावून गोळी मिळाली तर तिचा फारसा उपयोग नाही, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या घरात ठेवणं शहाणपणाचं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. गोळ्यांबरोबर पाणी भरपूर प्या.

वर्षातून सहा किंवा जास्त वेळा येत असेल, किंवा कमी वेळा येऊनही त्याच्या धास्तीने जगणं अवघड झालं असेल, तर रोज एक-दोन गोळ्या अशा पद्धतीने सहा महिने, वर्षभर किंवा जास्त काळ औषध घेता येतं. त्याने फोड येण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी घटतं. ‘एवढ्या गोळ्या रोज घेतल्या तर प्रतिकारशक्ती जाईल’ ही भीती निराधार आहे. ॲसायक्लोव्हिर विषाणू ज्या पेशीत वाढतोय तिथेच कामाला लागतं, कारण त्याला चालू करणारं विकर (एन्झाइम) विषाणूच बनवतो. निरोगी पेशींना ते फारसं शिवत नाही. या घडणीच्या औषधांवरच्या कामासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. याच गुणात त्याची मर्यादाही आहे. झोपलेला विषाणू ते विकर बनवत नाही, म्हणून गोळी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मलम लावलं तर चालेल ना?

ॲसायक्लोव्हिरचं मलम कमरेखाली जवळजवळ निरुपयोगी, ओठावर थोडंफार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेडिकलमध्ये ‘खाजेवर’ म्हणून हाती ठेवतात ती मिश्र मलमं लावू नका. त्यांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र असतं. स्टिरॉइडने लाली आणि खाज दोन दिवस दबते, त्याआड विषाणू पसरतो आणि निदानही बिघडतं. चुना, टूथपेस्ट, डेटॉल तर नकोच. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवा, सैल सुती कपडे घाला, दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या. फोड मुद्दाम फोडू नका.

कायमचा बरा करणारं औषध आहे असं जाहिरातीत वाचलं.

नाही. कुठल्याच पॅथीत नाही. लसही अजून नाही. या जाहिराती चालतात त्याचं कारण सोपं आहे. हर्पिसचा फोड आठवड्याभरात आपोआप भरतो आणि वर्षागणिक त्याचं येणंही आपोआप घटतं. त्या काळात जे काही घ्याल, काढा, भस्म, साखरेच्या गोळ्या, त्याने गुण आला असंच वाटणार. हजारो रुपयांचं पॅकेज घेण्याआधी हे आठवा.

फोड नसताना दुसऱ्याला लागतो का?

लागतो, आणि बहुतेक लागण अशीच होते. फोड न येताही विषाणू अधूनमधून त्वचेवर येतो, टाइप २ मध्ये जास्त, आणि संसर्गानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. कंडोमने धोका चांगलाच कमी होतो, पण त्याने न झाकलेल्या त्वचेचं काय, हा प्रश्न उरतोच. पूर्वसूचनेपासून नवी त्वचा येईपर्यंत संबंध नकोत, कंडोम असला तरी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जोडप्यातल्या टाइप २ असलेल्या व्यक्तीने रोज व्हॅलसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम घेतल्यावर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं.

कमोड, पोहण्याचा तलाव, एकत्र धुतलेले कपडे यांतून तो पसरत नाही. घरातल्या माणसाचं ताट-वाटी वेगळं ठेवायची काही गरज नाही. ओठावर ताजा फोड असताना उष्टा पेला आणि लिपस्टिक मात्र देऊ नका.

लग्नाला आठ वर्षं झाली आणि आता फोड आले. म्हणजे नवऱ्याने बाहेरून आणलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त घरं हलवतो, म्हणून सावकाश वाचा. पहिल्यांदा दिसलेला फोड म्हणजे पहिल्यांदा झालेली लागण, असं नसतं. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून पहिल्यांदा ठळक दिसू शकतो. तो तुमच्यात आधीपासून असेल, नवऱ्यात लग्नाआधीपासून असेल आणि त्यांनाही माहीत नसेल. टाइप १ असेल तर कधीकाळी ओठावर आलेल्या ‘उष्णते’च्या फोडातून, मुखमैथुनातून आलेला असेल. आणि अलीकडचीच लागण असेल, हीसुद्धा शक्यता आहे. फोडाकडे बघून यातलं काय ते कुणालाही सांगता येत नाही.

थोडा धागा एका गोष्टीतून मिळतो. स्वॅबमध्ये टाइप २ सापडला आणि त्याच वेळच्या रक्तात टाइप २ ची आयजीजी नसेल, तर लागण नवी. आयजीजी आधीच असेल, तर जुनी. पण नवी असली तरी ती जोडीदाराच्या जुन्या, लक्षणं नसलेल्या हर्पिसमधूनही आलेली असू शकते. जाब विचारायचाच असेल तर तो या फोडाच्या आधारावर विचारू नका. त्याला तेवढं वजन नाही.

माझं लग्न ठरतंय. सांगावं का?

माझं मत स्पष्ट आहे, सांगावं. शारीरिक संबंधांच्या आधी, आणि फक्त त्या व्यक्तीला. दोन्हीकडच्या मामा-काकांच्या बैठकीत नव्हे. ‘मला गुप्तरोग आहे’ असं रडत सांगण्यापेक्षा काय आहे, किती वेळा येतं, कोणती गोळी घेते किंवा घेतो, हे साध्या शब्दांत सांगा. समोरच्याला ओठावर कधी फोड येतात का, हेही विचारा. पुष्कळदा उत्तर ‘हो’ असतं. मूल होण्यात हर्पिसमुळे अडचण येत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोगही त्याने होत नाही, त्याला कारण असलेला विषाणू एचपीव्ही.

बारशाला येणाऱ्यांना बाळाचे मुके घेऊ नका म्हटलं तर लोक रागावतात.

रागावू द्या. जन्मापासून पहिल्या सहा आठवड्यांत बाळाला हर्पिस झाला तर तो मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो आणि जिवावर बेततो. आजीच्या ओठावरचा साधा फोडही त्याला पुरेसा आहे. फोड असलेल्याने बाळाला ओठ लावू नयेत, हात धुऊनच घ्यावं. आईच्याच ओठावर फोड असेल तर तिने मास्क लावून, हात धुऊन दूध पाजावं. फोड स्तनावर असेल तरच त्या बाजूने पाजू नये. बाळ दूध ओढत नाही, सुस्त आहे, ताप आहे, अंग गार पडतंय, फोड दिसले किंवा झटका आला, तर थेट रुग्णालयात. फोड नसतानाही हे होऊ शकतं.

मोठ्यांनी तातडीने कधी जायचं?

डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सहन होत नाही आणि ओठावर किंवा पापणीवर फोड आहेत: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. घरात पडलेले स्टिरॉइडचे थेंब अजिबात घालू नका, त्याने बुबुळ कायमचं जाऊ शकतं. तापासोबत बरळणं, झटके, एकदम बदललेलं वागणं किंवा मान आखडणं: लगेच मोठ्या रुग्णालयात. इसब असलेल्या अंगावर एकाएकी फोड पसरले तरी तसंच. आणि महिनाभर न भरणारी जखम असेल तर एचआयव्ही तपासणी टाळू नका.

कुस्तीमुळे हर्पिस होतो म्हणतात, खरं का?

खरं. चेहरा, मान आणि दंड एकमेकांवर घासल्याने टाइप १ तिथल्या त्वचेत शिरतो. जगभर पैलवानांमध्ये हा ओळखीचा प्रकार आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात ६० मुलांना एकदम झाला होता. तालमीत मानेवर, कानाजवळ, कपाळावर फोडांचा घोस दिसला तर नायट्याचं मलम लावून मॅटवर किंवा मातीत उतरू नका. खपल्या वाळेपर्यंत जोड बंद. जोर-बैठका चालतील.

दाखवायचं कुठे? ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ पाटी असलेल्याकडे?

स्टेशनबाहेरच्या भिंतीवर रंगवलेला नंबर सोडून कुठेही. या विषयाचे रीतसर शिकलेले डॉक्टर म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. आपल्या देशात त्वचारोग, लैंगिक आजार आणि कुष्ठरोग हा एकच अभ्यासक्रम आहे. त्यामुळे बाहेरच्या बाकावर तुमच्या शेजारी मुरुमं आणि केसगळतीवाले बसलेले असतील आणि तुम्ही कशासाठी आलात हे कुणाला कळणार नाही. स्त्रियांना स्त्रीरोगतज्ज्ञही चालतील. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळतं. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन १०९७ वर जवळचं केंद्र विचारता येतं, नाव न सांगता. जाताना फोड दिसल्याची तारीख, आधीच्या वेळच्या तारखा, त्या आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि फोड ताजा असताना काढलेला फोटो घेऊन जा. फोड ताजा असेल तर फोटोची गरज नाही, त्याच दिवशी जा.